तबल्याची बैठक

(दृश्य: रिकामा रंगमंच. ड्रम, दोन गिटार. बाजूला बुटकी बैठक, तिच्यावर तबला.)

रॉक बँडच्या रंगमंचावर तबल्याची बैठक सहसा दिसत नाही. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'कडे ती पहिल्यापासून आहे. तिथं अशीम चक्रवर्ती बसायचे. हात तबल्यावर, तोंडासमोर माइक. वाजवता वाजवता मोकळ्या गळ्यानं गाणं किती अवघड असतं, ते स्वतः ठेका धरून गाऊन बघा. बोटांचा हिशोब एक, श्वासाचा दुसरा. अशीम ते तासन् तास करायचे, आणि ऐकणाऱ्याला त्यातले कष्ट कळायचेही नाहीत.

1990 साली अशीम आणि गिटारवादक सुश्मित सेन यांनी हा बँड उभा केला. वर्षभरात बेस गिटार घेऊन राहुल राम आले. 1994 मध्ये ड्रमवर अमित किलम बसले आणि चौकडी पुरी झाली. अमित ड्रम सोडून मधेच गबगुबी काखेत धरतात. बंगालच्या बाउलांचं हे वाद्य म्हणजे आपल्या जोगत्यांच्या चौंडक्याचं भावंडच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गिटारच्या सोबतीला यल्लमाची जत्रा आठवली होती.

राहुल राम यांची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. घेतलेला हा माणूस भारतात परतून नर्मदा बचाव आंदोलनात गेला. ते खोरं आपलंही आहे. सरदार सरोवरानं महाराष्ट्रातल्या 33 गावांना गाठलं, त्यातलं मणिबेली सर्वांत आधी. आज ते नंदुरबार जिल्ह्यात येतं. त्याच खोऱ्यातल्या लोकांच्या तोंडचं 'माँ रेवा' राहुल राम यांच्यासोबत दिल्लीला आलं आणि बँडचं झालं. रेवा म्हणजे नर्मदाच. शहरातल्या मैदानात हजारो पोरं तिला 'माँ' म्हणून हाक मारतात, तेव्हा बुडालेल्या गावांचं काहीतरी त्या सुरात उरलेलं असतं. निदान मला तरी तसं ऐकू येतं.

(दृश्य: दिल्ली, मंडी हाउसजवळचा रस्ता. हिवाळ्याची सकाळ.)

1 जानेवारी 1989 रोजी पथनाट्य करताना रंगकर्मी सफदर हाश्मींवर जीवघेणा हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या आठवणीत दर वर्षी 1 जानेवारीला कलावंत दिल्लीत जमत. 1997 च्या कार्यक्रमात 'इंडियन ओशन' वाजलं, आणि तेच ध्वनिमुद्रण 'डेझर्ट रेन' नावाचा अल्बम झालं. स्टुडिओतली सफाई त्यात नाही. समोर माणसं आहेत, हे मात्र प्रत्येक ठोक्यात कळतं.

2000 साली 'कंदीसा' आला. शीर्षकगीत केरळातल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्राचीन प्रार्थना, भाषा अरामी. शब्द कळणारा श्रोता क्वचितच, तरीही लोकांनी ते पाठ केलं. मग 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत आणि पियूष मिश्रांच्या शब्दांचं 'बंदे'. चित्रपट न्यायालयात अडकला, 2007 मध्ये पडद्यावर आला. गाणं तोवर घराघरांत पोचलं होतं.

(शांतता.)

25 डिसेंबर 2009. अशीम गेले. नुकती कुठं पन्नाशी ओलांडली होती.

बँडची तालीम चालायची ती करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात. पत्ता: 16/330, खजूर रोड. पुढच्या अल्बमला नाव दिलं तेच. अशीम यांचा आवाज त्यात आहे, कारण तो आधीच रेकॉर्ड झालेला होता. 2010 पासून बँडनं या अल्बमची सातही गाणी इंटरनेटवर फुकट देऊन टाकली, महिन्याला एक याप्रमाणे. अल्बमच्या विक्रीतून हाती फारसं लागत नव्हतं. चूल पेटायची ती कार्यक्रमांवर. मग गाणं कंपनीच्या हवाली कशाला करायचं? या निर्णयाचं मला आजही मोल वाटतं. जवळचा माणूस गेलेला असताना त्याचा आवाज त्यांनी विकला नाही, वाटला.

पण बैठक रिकामी होती. एका माणसाच्या जागी दोघांना यावं लागलं: गायला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. 2013 मध्ये सुश्मित सेन यांनीही बँड सोडला. ज्या गिटारवर हा सगळा डोलारा उभा राहिला तीच गेली. अनेकांना वाटलं, आता संपलं. निखिल राव आले. त्यांच्या गिटारचा रंग वेगळा आहे, जास्त विजेरी, जास्त धारदार. जुन्या श्रोत्यांना ते रुचायला वेळ लागला, मलाही लागला. 2014 मध्ये 'तांडानू'त शुभा मुद्गल, शंकर महादेवन असे पाहुणे घेऊन बँड पुन्हा उभा राहिला. पुढच्या वर्षी 'मसान' चित्रपटाची गाणी आली, आणि 'तू किसी रेल सी' म्हणत एक नवी पिढी या बँडपाशी पोचली. पुढचा अल्बम, 'तू है', यायला मात्र 2023 उजाडलं. नऊ वर्षं.

(दृश्य: रंगमंचावर दिवे लागतात.)

पहिल्या दिवसापासूनचं आता कुणीच नाही. सगळ्यांत जुने राहुल राम, त्यांच्यामागे ड्रमवर अमित. निखिल गिटारची तार पिळून बघतात. तुहीन बैठकीवर बसतात, हातोडीनं तबला लावतात. हिमांशू त्यांच्याकडे पाहून मान हलवतात आणि माइक जवळ ओढतात.