ज्ञान, वृत्ती, कृती : फॉर्म कुणी भरायचा?

(इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झालेल्या वक्त्यांनी नगर वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, नमस्कार.

पत्रिकेवर आजचा विषय 'महासाथीतले आरोग्य कर्मचारी : ज्ञान, वृत्ती आणि कृती' असा छापलाय. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण आरोग्य खात्यातून निवृत्त झालेत, काहींच्या मुली-सुना आजही ड्युटीवर आहेत. त्यामुळे २०२० चा मार्च कसा गेला हे मी सांगत बसत नाही. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि थोड्याच दिवसांत आमच्या फोनवर लिंका यायला लागल्या. 'कृपया पाच मिनिटं काढून हा फॉर्म भरा.'

सर्वेक्षणाचा हा प्रकार जुना आहे. कुटुंब नियोजनाच्या काळापासून आपल्याकडे चालत आलाय. आधी विचारायचं, तुम्हाला माहीत काय आहे. मग, तुम्हाला वाटतं काय. मग, तुम्ही करता काय. गुणांची बेरीज, टक्केवारी, आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं: कर्मचाऱ्यांना आणखी प्रशिक्षणाची गरज आहे. माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे, आणि ते आज मला तुमच्यासमोर मांडायचंय.

एक चांगलं सर्वेक्षण घेऊ. २०२० साली मुंबई महानगर क्षेत्रात १,५६२ जणांनी एक प्रश्नावली भरली. त्यात विद्यार्थीही होते आणि काम करणारेही. एकूण ७१.२ टक्के उत्तरं बरोबर आली. झकास वाटतं ना? आता आत शिरा. 'निकटचा संपर्क' म्हणजे काय हे निम्म्यांनाही नीट सांगता आलं नाही. मास्क चढवण्याचा योग्य क्रम ४५.४ टक्क्यांना माहीत होता. हात डोळ्यांना दिसतील इतके मळलेले असतील तर काय वापरायचं, हे ५२.५ टक्क्यांना. साबण आणि पाणी, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. आणि सगळ्यांत जास्त बरोबर उत्तरं कुणाची? एमबीबीएसच्या मुलांची. सगळ्यांत कमी कुणाची? ऑफिसातल्या आणि रुग्णसेवेबाहेरच्या कर्मचाऱ्यांची. पोरं हुशारच आहेत, त्यांचं कौतुक आहे. पण त्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली, होस्टेलं रिकामी झाली आणि त्यातली बहुतेक घरी गेली. कागदावर ज्ञान ज्यांच्याकडे सर्वांत जास्त, ते वॉर्डात नव्हते!

मग वॉर्डात कोण होतं? आता मी आमच्या मावशींबद्दल, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस बायकांबद्दल, बोलणार आहे, आणि जरा सविस्तर बोलणार आहे.

एका मोठ्या रुग्णालयात कोविड वॉर्ड सुरू व्हायच्या आधी प्रशिक्षण झालं. सभागृह, पडदा, इंग्रजी स्लाइड्स. डॉक्टर आले, सिस्टर-ब्रदर आले, टेक्निशियन आले. मावशी आणि मामा नाहीत. का, तर ते कंत्राटदाराची माणसं, त्यांचं प्रशिक्षण कंत्राटदार बघेल. मग मास्क वाटपाची यादी लागली. डॉक्टरांना एन-९५. स्टाफ नर्सना एन-९५, पण मोजून. वर्ग चार आणि कंत्राटी कामगारांना साधा तीनपदरी मास्क. आता बघा, नातेवाइकांना आत सोडत नव्हते. राउंडला आलेले मोठे डॉक्टर एका खाटेपाशी थांबणार मिनिट-दोन मिनिटं. बेडपॅन कोण देणार? चादर कोण बदलणार? ज्याला मान उचलवत नाही त्याच्या तोंडाला पाणी कोण लावणार? मावशी. रुग्णाच्या श्वासाच्या सर्वांत जवळ, सर्वांत जास्त वेळ त्याच होत्या, आणि सर्वांत पातळ मास्क त्यांच्याच तोंडावर होता. इन्चार्ज सिस्टर काही काळ स्वतःच्या वाट्यातले मास्क त्यांना देत राहिल्या. मेट्रननी, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुखांनी, लेखी मागणी लावून धरली, तेव्हा कुठे यादी बदलली. हे आठवलं की आजही माझा आवाज चढतो, तेवढं समजून घ्या.

तर त्यांतल्याच या एक मावशी. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, त्या आम्हाला बघून शिकत होत्या. पीपीई किटमध्ये धोका असतो तो उतरवताना. सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, अंगावरून घाम निथळतोय, आणि त्या क्षणी घाईघाईनं चेन ओढली की बाहेरची सगळी घाण आतल्या कपड्यांना. नवे रेसिडेंट डॉक्टर हमखास इथेच चुकायचे. या मावशी किट उतरवायच्या (डॉफिंगच्या) खोलीच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टरसाहेब, थांबा. उशीचा अभ्रा काढतो ना, तसा काढा. आतली बाजू बाहेर." टोपी मागे सरकवायची, खांद्यावरून सूट खाली गुंडाळत न्यायचा, बाहेरच्या बाजूला बोट लागता कामा नये. मध्ये मध्ये हात निर्जंतुक करायचे. मास्क सगळ्यांत शेवटी: आधी खालचा पट्टा, मग वरचा, डोळे मिटून, मास्कच्या पुढच्या भागाला अजिबात हात न लावता. एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी अख्ख्या स्लाइड्सचं काम केलं.

त्यांचं दुसरं निरीक्षण तर मी पुढे प्रत्येक बॅचला शिकवलं. कुणाच्या गॉगलवर वाफ धरली की त्या नाकाकडे बोट दाखवायच्या. "सिस्टर, वरून सुटलाय तुमचा." बरोबर आहे! नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नीट दाबलेली नसली की श्वास वरच्या फटीतून निघतो आणि काचेवर जातो. जिथून श्वास बाहेर जातो तिथून हवा न गाळता आतही येते.

किटमध्ये सगळे सारखेच दिसायचे, म्हणून आम्ही पाठीवर मार्करनं नावं लिहायचो. तरी एक आजोबा मावशींनाच डॉक्टर समजायचे. रोज हात जोडून म्हणायचे, "डॉक्टरबाई, आज ऑक्सिजन किती?" मावशी मॉनिटरवरचा आकडा बघून सांगायच्या. आकडा ९० च्या खाली गेला की सिस्टरना हाक मारायची, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. (टाळ्या)

आणि मग आला फॉर्म. आमचा एक इंटर्न सर्वेक्षण करत होता, गुणी मुलगा. मी म्हटलं, मावशींचाही भरून घे. पदनामाच्या रकान्यात डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, इतर. मावशी 'इतर'. स्मार्टफोन नाही, म्हणून त्यानं प्रश्न वाचून दाखवले. विषाणूचं कुटुंब कोणतं? उबवणकाळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, किती दिवसांचा? मावशी म्हणाल्या, "ते मोठ्या सिस्टरना विचारा, बाळा." शून्य. पाच टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचं, म्हणजे जंतुनाशकाचं, एक टक्क्याचं द्रावण कसं करायचं, हे फॉर्ममध्ये नव्हतंच. एक भाग औषध, चार भाग पाणी, रोज ताजं. वापरलेला मास्क पिवळ्या पिशवीत, गॉगल आणि फेसशील्ड लाल पिशवीत, हेही नव्हतं. वॉर्डातलं जे ज्ञान संसर्ग थांबवतं, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिली.) दहा मिनिटं. बरं. मग वृत्ती आणि कृती भराभर घेते.

वृत्ती. 'रुग्णसेवा करताना भीती वाटते का?' असं विचारतात आणि होकार दिला की 'नकारात्मक वृत्ती' म्हणून मोजतात. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित झाले आणि रुग्णालय बंद करावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की मे २०२१ पर्यंत जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले असावेत. भीती वाटणारच, आणि तिच्यामुळेच माणूस पट्टी दुसऱ्यांदा दाबून बघतो. बाहेरची वृत्ती कुणी मोजली? २२ मार्चला थाळ्या वाजल्या आणि नंतर त्याच सोसायट्यांत नर्सना खोली सोडायला सांगितलं गेलं. एक महिन्यानं, २२ एप्रिलला, मुंबईच्या प्लेगसाठी केलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकूम काढून दुरुस्ती करावी लागली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर ३ महिने ते ५ वर्षं कैद, गंभीर इजा असेल तर ७ वर्षांपर्यंत.

लसीचंही तेच. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झालं आणि सुरुवातीला बरेच जण मागे राहिले. लगेच ओरड, शिकलेली माणसं अशी वागतात! पण दोनपैकी एका लसीला तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष येण्याआधीच परवानगी मिळाली होती. ते निष्कर्ष मागणं हे अज्ञान कसं? शास्त्रज्ञ हाफकिननी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली ती याच मुंबईत. आम्हीही आमच्या वरिष्ठांना म्हणत होतो, आधी तुम्ही घ्या, आमच्यासमोर घ्या.

आणि 'बरोबर उत्तर' तरी कुठे स्थिर होतं? २३ मार्च २०२० ला आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण टाळायला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध घ्यायला सांगितलं: पहिल्या दिवशी ४०० मिलीग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्यातून एकदा. पुढे त्याचा उपयोग नसल्याचं दिसलं. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, हा रोग हवेतून पसरत नाही. २०२१ मध्ये मान्य केलं, पसरतो. एप्रिल २०२० च्या फॉर्ममध्ये 'हवेतून पसरतो' असं लिहिणाऱ्याचे गुण गेले असते.

कृती. आशाताई. गावोगाव ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या, सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतही त्याच. केंद्राचा कोविड भत्ता तेव्हा महिन्याला हजार रुपये होता. जून २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो आशा संपावर गेल्या तेव्हा मानधनवाढीबरोबर सुरक्षा साधनंही मागत होत्या. ज्या बाईकडे मास्कच नाही तिला 'तुम्ही नेहमी मास्क वापरता का?' विचारून तिची कृती कशी मोजणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. त्या फॉर्मचं पहिलं पान रुग्णालयाच्या अधीक्षकांनी भरावं. प्रत्येक वॉर्डात वाहतं पाणी आणि साबण आहे का? कोपरानं बंद होणारा नळ आहे का? किट उतरवायला वेगळी खोली आणि समोर बघायला एक माणूस आहे का? एन-९५ कुणाला मिळतो आणि कुणाला नाही? कंत्राटी कामगारांचं प्रशिक्षण मराठीतून, हातानं करून, कधी झालं? हे पान भरून झालं की मग खुशाल आम्हाला उबवणकाळ विचारा. या गावातली काही मंडळी रुग्ण कल्याण समितीवर आहेत, दोघे-तिघे समोर दिसतायत मला. हे प्रश्न मी लिहून आणलेत, खाली उतरल्यावर कागद घेऊन जा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते लेखी घाला, तोंडी बोलू नका. लेखी दिलं की उत्तराची नोंद इतिवृत्तात घ्यावी लागते.