आधी नियम, मग रेकॉर्डचं बटण

मित्रहो, एकच काम दोनशे फोटोंवर करायचं असेल तर ते हाताने करू नये, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरीही आपल्यातले बरेच जण ते हाताने करतात. फाइल उघडायची, आकार लहान करायचा, थोडं शार्पन करायचं, सेव्ह करून बंद करायची, की पुढची. का, म्हणून विचारलं तर उत्तर बहुधा असं येतं: ‘ॲक्शन करून पाहिली होती, पण चार फोटोंनंतर बिघडली.’ ॲक्शन म्हणजे फोटोशॉपमध्ये एकदा नोंदवून ठेवलेली आणि पुन्हा पुन्हा चालवता येणारी पावलं. मला आज या बिघडण्याबद्दलच बोलायचंय. कुठलं बटण कुठे आहे ते शोधलं की सापडतं. ॲक्शन का बिघडते हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं.

फोटोशॉपमध्ये ॲक्शन्स आल्या १९९६ साली, चौथ्या आवृत्तीत. रेकॉर्ड दाबायचं, एका फोटोवर काम करायचं, थांबवायचं. मग तीच पावलं दुसऱ्या फोटोवर चालवायची. पण इथे नोंदलं काय जातं? तुमचा हेतू नोंदला जात नाही, कमांड आणि तिच्यातले आकडे नोंदले जातात. तुम्ही फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव टाकता. तुमच्या मनात असतो ‘कोपरा’. ॲक्शनच्या यादीत मात्र लेयर, म्हणजे नावाचा तो थर, इतके पिक्सेल उजवीकडे आणि इतके पिक्सेल खाली सरकवला, एवढंच लिहिलेलं असतं. पुढचा फोटो उभा आला की नाव भलत्याच जागी जातं. सॉफ्टवेअरने सांगितलेलंच काम केलेलं असतं.

म्हणून माझा आग्रह असा की रेकॉर्ड दाबण्याआधी आपला नियम एका वाक्यात मोठ्याने म्हणून बघावा. ‘लांब बाजू १२०० पिक्सेल, दुसरी तिच्या प्रमाणात, छोटा फोटो मोठा करायचा नाही.’ हे वाक्य तयार झालं की कुठली कमांड लागेल ते लगेच दिसतं. इमेज साइझमध्ये रुंदी १२०० टाकली तर उभ्या फोटोची रुंदी १२०० होते आणि उंची त्याहून किती तरी मोठी निघते. फाइल मेनूतल्या ऑटोमेटमध्ये ‘फिट इमेज’ आहे. तिला रुंदी आणि उंची या दोन्हींची मर्यादा १२०० द्या. आडवा असो की उभा, फोटो त्या चौकटीत बसतो. मोठा न करण्याचा पर्यायही तिथेच आहे.

कोपऱ्यातल्या नावाचंही तसंच. लेयर हाताने ओढून नेऊ नका. आधी सिलेक्ट ऑल, मग लेयर त्या सिलेक्शनच्या उजव्या आणि खालच्या कडेला अलाइन करा. आता नोंद झाली ती ‘कडेला’ अशी. क्रॉप किंवा चौकोनी सिलेक्शन नोंदवायचं असेल तर आधी रूलरचं एकक टक्के करा, म्हणजे जागा फोटोच्या प्रमाणात नोंदली जाते. लेयरवर माउसने क्लिक केलंत तर त्याचं नाव नोंदलं जातं, आणि त्या नावाचा लेयर पुढच्या फाइलमध्ये नसला की ॲक्शन तिथेच अडते. त्याऐवजी ऑल्ट धरून चौकटी कंस दाबा. ‘वरचा लेयर’, ‘खालचा लेयर’ अशी नोंद होते. ‘सेव्ह ॲज’ नोंदवताना फाइलचं नाव टाइप करू नका, नाहीतर ते नावच नोंदलं जाईल आणि प्रत्येक वेळी तेच वापरलं जाईल.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो ती: उजेड आणि रंग. लेव्हल्सचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची हद्द ठरवणारे, आकडे एका फोटोवर बसवले आणि ॲक्शनमध्ये टाकले, तर ते आकडे त्या फोटोच्या उजेडापुरते खरे असतात. दुपारी काढलेला फोटो सुधारतो, संध्याकाळचा काळवंडतो. मग आपण म्हणतो, फोटोशॉपची ऑटो टोन ही कमांड वापरू. ते प्रत्येक फोटो बघून आपले आकडे ठरवतं. वेगवेगळ्या उजेडातल्या फोटोंसाठी हा मार्ग बऱ्यापैकी चालतो. पण जुन्या वहीची पानं स्कॅन केली असतील तर? सगळ्या पानांवर दिवा एकच, स्कॅनरची सेटिंग एकच. एका पानावर दाट मजकूर, दुसऱ्यावर फिकट पेन्सिलीची खूण, तिसरं जवळजवळ कोरं. ऑटो टोन प्रत्येक पान वेगळं ताणतं. कोऱ्या पानावरचे कागदाचे डाग गडद होतात आणि एकाच वहीतला कागद पानागणिक रंग बदलतो. इथे ठरलेले आकडेच योग्य. पहिल्या पानासोबत करड्या छटांची पट्टी स्कॅन करा, तिच्यावर लेव्हल्स बसवा आणि तेच आकडे सगळ्या पानांना लावा. कॅप्चरची परिस्थिती स्थिर असेल तर आकडे स्थिर ठेवायचे; ती बदलत असेल तर मोजणी प्रत्येक फोटोची वेगळी व्हायला हवी. हा फरक न पाहता ‘ऑटो चांगलं की मॅन्युअल’ यावर घातलेला वाद मला व्यर्थ वाटतो.

फोटोशॉपच्या बाहेरही ही कामं फार चांगली होतात. गिंप या मोफत फोटो-संपादकात फोटोशॉपसारखं रेकॉर्ड बटण नाही. तिथे स्क्रिप्ट-फू किंवा पायथन या भाषांमध्ये पावलं लिहावी लागतात. सुरुवातीला हे जड वाटतं, पण लिहिताना नियम स्पष्ट करावाच लागतो, हा त्याचा मोठा फायदा. लाइटरूम आणि डार्कटेबल या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइलला हातच लागत नाही, बदल सूचनांच्या रूपात वेगळे साठवले जातात. एका फोटोच्या सूचना शंभर फोटोंना चिकटवता येतात आणि काढूनही टाकता येतात.

आणि नुसतं आकार बदलणं, फॉरमॅट बदलणं एवढंच काम असेल तर कमांड टाइप करून चालवायचं इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली ड्यूपाँ कंपनीत असताना ते लिहायला घेतलं, आणि आजही एका ओळीच्या कमांडने ते अख्खा फोल्डर हातावेगळा करतं. त्यातली ‘मोग्रिफाय’ ही कमांड मात्र जपून वापरा. ती मूळ फाइलवरच लिहिते. ‘पाथ’ हा पर्याय देऊन निकाल दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवा आणि मूळ फोल्डरची प्रत आधीच वेगळी ठेवा. मापाच्या शेवटी मोठेपणाचं चिन्ह (>) लावलं तर फक्त मोठे फोटो लहान होतात. ते सगळं अवतरणात घाला, नाहीतर शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, त्या चिन्हाचा अर्थ ‘निकाल फाइलीत वळव’ असा घेतो.

पावलांचा क्रम किती महत्त्वाचा, याचं उत्तम उदाहरण इथेच मिळतं. कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोत पुष्कळदा पिक्सेल आडवेच असतात; ‘हा फिरवून दाखव’ एवढी खूण एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, असते. फाइल हलकी करायला आपण ती माहिती काढणारा ‘स्ट्रिप’ हा पर्याय देतो आणि ती खूणही पुसली जाते. लोक आडवे पडतात. म्हणून खुणेप्रमाणे फोटो खरोखर फिरवणारं ‘ऑटो-ओरिएंट’ आधी, ‘स्ट्रिप’ नंतर. स्ट्रिपबरोबर कलर प्रोफाइलही, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे याची नोंदही, जातं. फोटो ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत असेल तर प्रोफाइल गेल्यावर ब्राउझर त्याला बहुधा वेबवरच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीतला समजतो आणि रंग मरगळतात. तेव्हा त्याआधी एसआरजीबीत रूपांतर करून घ्या. शार्पन करणं आकार बदलल्यानंतरच. आणि जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर खेपेला थोडा तपशील जातो, म्हणून मूळ फाइलपासून शेवटपर्यंत सगळं एकाच फेरीत उरका.

काही पावलं मात्र नजरेची असतात आणि ती नजरेकडेच राहू द्यावीत असं मला मनापासून वाटतं. फोटोतला मुख्य विषय आपोआप निवडणारं ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ ॲक्शनमध्ये नोंदवता येतं आणि पुष्कळदा छान निवड करतं; केस, काच, पातळ कापड आलं की चुकतं. त्याच्यापुढे ‘इन्सर्ट स्टॉप’ने थांबा घाला. ॲक्शन तिथे थांबेल, तुम्ही कडा बघून हाताने दुरुस्त कराल आणि मग पुढे चालवाल. एखाद्या पावलाचे आकडे दर वेळी स्वतः द्यायचे असतील तर त्याच्या डावीकडचं डायलॉगचं चिन्ह चालू करा. असं अर्धं यंत्रावर, अर्धं हातावर केलेलं काम मला पूर्ण ऑटोमॅटिक कामापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, विशेषतः फोटोत माणसाचा चेहरा असेल तेव्हा.

बॅच, म्हणजे सगळ्या फोटोंची एकत्र फेरी, चालवून झाली की फाइली एकेक उघडून तपासत बसू नका. काँटॅक्ट शीट काढा, सगळे छोटे फोटो एका पानावर. आडवा पडलेला, काळवंडलेला, नाव सुटलेला फोटो तिथे चटकन डोळ्यांत भरतो. असे फोटो बाजूला काढून हाताने करा. तेच पुन्हा पुन्हा बाजूला निघत असतील तर नियमाचं वाक्य परत वाचा. त्यात एखादी अट राहिलेली असते.

आता प्रत्यक्ष करून बघू. लॅपटॉपवर एक फोल्डर बनवा आणि त्यात मुद्दाम एकमेकांशी न जुळणाऱ्या फाइली टाका: एक उभा फोटो, एक अगदी छोटा, एक पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी, एक सीएमवायके (छपाईच्या रंगांतला), एक सोळा बिटचा (रंगांचा जास्त तपशील साठवणारा). रूलर टक्क्यांवर न्या. रेकॉर्ड अजून दाबू नका. आधी तुमचा नियम कागदावर लिहा, मी येऊन वाचतो.