कॉफी भाजायचं यंत्र घेण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आज सकाळी काहीतरी भाजलं गेलंच असेल. उपम्याचा रवा, कुटाचे शेंगदाणे, नाहीतर थालीपिठाची भाजणी. कॉफीच्या बिया भाजणं हे त्याच जातकुळीचं काम. गेली सहा वर्षं मी अमरावतीत, आमच्या स्वयंपाकघरात ते करते आहे. त्यावरून मला सारखा एक प्रश्न येतो, "ताई, सुरुवात करायची तर यंत्र कोणतं घेऊ?" आजचं बोलणं या प्रश्नाबद्दल.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. ज्यात बिया डोळ्यांना दिसतात, ज्यात त्यांचा आवाज कानावर येतो आणि ज्याची आच तुमच्या हातात राहते, असं साधन घ्या. मग ती घरातली लोखंडी कढई का असेना.

माझी सुरुवात कढईतच झाली. चिखलदऱ्याला आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे कॉफीची थोडी झाडं आहेत. हो, आपल्या मेळघाटात कॉफी होते. त्यांनी अर्धा किलो कच्च्या बिया दिल्या. हिरवट राखाडी, खड्यासारख्या टणक, वास वाळल्या गवताचा. सासूबाई त्यांना बुंद म्हणतात. त्यांनी बुंद जन्मात कधी भाजला नव्हता, पण शेंगदाणे, तीळ, भाजणी यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्या शेजारी पाटावर बसल्या होत्या. मी शंभर ग्रॅम बिया कढईत टाकल्या आणि लाकडी कलथ्याने हलवत राहिले. पाचेक मिनिटांत बिया पिवळ्या पडल्या, गवताचा वास जाऊन पोळी शेकल्यासारखा वास सुटला. मग रंग तपकिरी होत गेला. दहाव्या मिनिटाच्या आसपास कढईत "टक्" झालं. जरा थांबून आणखी एक. मग चार-पाच एकदम, लाह्या फुटाव्यात तसे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, फुटायला लागल्या बघ. आच कमी कर, करपतील."

त्यांनी कानाने जे ओळखलं, त्याला कॉफीवाले फर्स्ट क्रॅक म्हणतात. कच्च्या बीत दहा ते बारा टक्के पाणी असतं. त्याची वाफ आणि आत तयार झालेला वायू बाहेर पडायला बघतो, बी फुगते आणि तडकते. त्या वेळी बीचं तापमान 195 अंशांच्या आसपास असतं. हे तडकणं नीट होऊन गेलं की पुढे केव्हाही उतरवा, कॉफी पिण्याजोगी होते. भाजत राहिलात तर 225 अंशांच्या सुमारास दुसरा आवाज येतो, बारीक आणि भराभर, तेलात मोहरी तडतडते तसा. तो सेकंड क्रॅक. त्याच्या पुढे गेलात की बीवर तेल सुटतं, धूर दाटतो, आणि बी चिखलदऱ्याची असो की चिकमंगळूरची, चव एकसारखी कडू होत जाते. या दोन आवाजांच्या मधल्या काही मिनिटांत तुमची कॉफी ठरते. म्हणून ज्या यंत्रात बिया पत्र्याआड असतात आणि आवाज पंख्याच्या घरघरीत बुडून जातो, ते पहिलं यंत्र म्हणून घेऊ नका असं मी सांगते, मग त्यावर कितीही बटणं असोत.

कढईत एक अडचण आहे. बी एका बाजूने सपाट असते, ती त्याच बाजूवर पडून राहते आणि तिथे काळा डाग पडतो. हात एक मिनिट थांबला तरी चालत नाही. पीबेरी, म्हणजे फळात दोनऐवजी एकच वाढलेली बी, मिळाली तर ती घ्या, ती गोल असते, वाटाण्यासारखी घरंगळत राहते. तरीही पहिले पाच-सहा घाणे कढईतच काढा. त्या पाच-सहा घाण्यांत रंग, वास आणि आवाज यांची जी ओळख होते, ती पुढे कुठल्याही यंत्रावर कामाला येते.

त्यानंतरची पायरी म्हणजे गरम हवेवर चालणारं घरगुती पॉपकॉर्न यंत्र. पुष्कळ जण त्यावरच शिकले आहेत. घेताना आत डोकावून बघा. हवा भांड्याच्या कडेच्या फटींतून आली पाहिजे, म्हणजे बिया भोवऱ्यासारख्या फिरतात. हवा तळाच्या जाळीतून येत असेल तर ते कॉफीसाठी वापरू नका. भाजताना बीवरचं पातळ फोलपट सुटतं, ते जाळीतून खाली तापलेल्या तारेवर पडतं आणि पेट घेतं. हे धोक्याचं आहे. कडेच्या फटींच्या यंत्रातसुद्धा साठ-सत्तर ग्रॅमच्या वर बिया घालू नका, आणि ते चालू असताना दुसऱ्या खोलीत जाऊ नका. त्यात भाजणं फार भरभर होतं, पाच-सहा मिनिटांत. आच कमी-जास्त करता येत नाही, पंखाही नाही. हाताला ती उणीव जाणवायला लागली, की खास कॉफीचं यंत्र घ्यायची वेळ आली असं समजा.

खास यंत्रं मुख्यतः दोन जातींची. एकात गरम हवेच्या झोतावर बिया उडत भाजल्या जातात. दुसऱ्यात पिंप फिरतं. हवेचं यंत्र सहसा सात-आठ मिनिटांत घाणा काढतं, पिंपाला बारा-पंधरा मिनिटं लागतात. अमेरिकेतल्या फ्रेश रोस्टमध्ये काचेचं नळकांडं असतं, बिया सतत समोर दिसतात, पंखा आणि आच दोन्ही आपल्या हातात. नवख्यासाठी मला ही रचना सर्वांत आवडते. कोरियाच्या जीन कॅफेत काचेचं पिंप तिरकं फिरतं, तेही छान दिसतं. अमेरिकेच्या बेमोरमध्ये एका वेळी जवळजवळ साडेचारशे ग्रॅम मावतात, पण माझ्या मते तो दुसऱ्या टप्प्यावरचा विचार.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. परदेशातून कुणी यंत्र आणून देणार असेल, तर आधी व्होल्ट विचारा. अमेरिकेत घरातली वीज 120 व्होल्टची, आपली 230ची. दाब दुप्पट झाला की तापणाऱ्या तारेवरचा भार जवळजवळ चौपट होतो. माझ्यासाठी भाच्याने तिकडून यंत्र आणलं होतं. मी इथल्या एका दुकानातून दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला. यंत्र दीड हजार वॅटचं आहे हे मी सांगितलं होतं, आणि हा सहज चालेल असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं. तिसऱ्या घाण्याला त्यातून जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. आत बघितल्यावर कळलं, तो हजार वॅटचाच होता. यंत्र वाचलं, पण माझा विश्वास गेला. तेव्हा शक्यतो 220 ते 240 व्होल्टचंच मॉडेल घ्या. ते ओट्यावरच्या छोट्या सॉकेटला लावू नका. दीड हजार वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, त्यामुळे फ्रीज-गीझरचा मोठा पॉइंटच हवा.

किती मोठं घ्यावं, हे तुमच्या कपावर ठरवा. एका कपाला पंधरा ग्रॅम पूड धरली, तर रोज एक कप पिणाऱ्याला आठवड्याला एकशे पाच ग्रॅम लागते. भाजताना वजन पंधरा टक्क्यांनी घटतं. म्हणजे सव्वाशे ग्रॅम कच्च्या बिया. एवढ्यासाठी अर्ध्या किलोचं यंत्र कशाला? लहान घाणा बिघडला तर नुकसानही लहान, आणि आठवड्याला एकाऐवजी दोनदा हात बसतो.

आता विक्रेते ज्याबद्दल सहसा बोलत नाहीत ते, म्हणजे थंड करणं. आच बंद केली तरी बी आतून तापलेलीच असते, ती भाजतच राहते. चार-पाच मिनिटांत ती हाताला गार लागली पाहिजे. काही यंत्रं बिया आतच ठेवून थंड करतात, तिथे भांडंही तापलेलं असतं, त्यामुळे थोडं आधी थांबावं लागतं. मी बिया सरळ सुपात ओतते आणि गॅलरीत पंख्यासमोर पाखडते. फोलपटं उडून जातात, बिया निवतात, दोन्ही कामं एकदम. आपल्या घरांतल्या सुपाइतकं चांगलं साधन मला या कामाला अजून मिळालेलं नाही.

धुराचंही आधी बघून घ्या. फर्स्ट क्रॅकनंतर लवकर उतरवलंत तर खिडकी उघडी असली की भागतं. गडद भाजायची आवड असेल तर चिमणी नाहीतर गॅलरी लागेलच.

आणि शिकताना बिया धुतलेल्या, म्हणजे फळाचा गर पाण्याने धुऊन वाळवलेल्या, अरेबिका जातीच्या घ्या. आपल्याकडे त्यांना प्लांटेशन म्हणतात, प्लांटेशन ए या प्रतवारीत दाणा बऱ्यापैकी सारखा असतो. मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी दमट हवेत मुरवलेली कॉफी, मला फार आवडते, पण ती मुळातच फिकट आणि फुगलेली असते, तिच्या रंगावरून नवख्याचा अंदाज हमखास चुकतो. ती सहा महिन्यांनी घ्या. दर घाण्याचं आधीचं आणि नंतरचं वजन वहीत लिहा, शेजारी पहिला आवाज कितव्या मिनिटाला आला तेही.

माझ्या वहीत कालची नोंद अशी आहे: कच्च्या 150 ग्रॅम, भाजून 127, पहिला आवाज सात मिनिटं दहा सेकंदांनी. भाजलेल्या बियांतून एक-दोन दिवस वायू सुटत राहतो, म्हणून बरणीचं झाकण सैल ठेवलं आहे. उद्या सकाळी उघडेन. माझ्या कपात नुसती कॉफी, सासूबाईंच्या कपात दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ.