गुरुवारची हवा

नमस्कार श्रोतेहो. डिजिटल परिवर्तन म्हटलं की कुणी ॲप दाखवतं, कुणी पडद्यावर रंगीत आलेख. मी मात्र तुम्हाला थेट भोसरीत नेणार आहे, गुरुवारी. एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी.

तिथं माझ्या मित्राचा कारखाना आहे. त्यानं कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्रं चालवायला हवा दाबून देणारं मशीन, विकत घेतला नाही, हवा विकत घेतली. पुन्हा सांगतो, यंत्र नाही, हवा. यंत्र पुरवठादाराचं, देखभाल त्याची, बिल घनमीटरवर. करारात मेख अशी, की एका घनमीटरला ठरल्यापेक्षा जास्त वीज लागली तर भुर्दंड पुरवठादाराला.

तिसऱ्या आठवड्यात पुरवठादाराच्या इंजिनिअरचा फोन आला, "साहेब, गुरुवारी पाळी चालवता का?"

"गुरुवारी आमच्याकडे वॉचमन आणि त्याचं कुत्रं, बास."

"मग हवा कोण खातंय? मशीन इथं स्क्रीनवर दिसतंय, दिवसभर लोड-अनलोड, लोड-अनलोड. हवा भरतंय, थांबतंय, पुन्हा भरतंय."

लॉगबुक काढलं. गुरुवार : बंद. त्याआधीचाही गुरुवार : बंद. सगळं एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेलं. (लॉगबुकावर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेच्या हजेरीपटावरही नाही.)

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं शेडमध्ये उभे राहिलो. एरवी लेथच्या आवाजात काही कळत नाही. त्या दिवशी चहूकडून सुस्कारे! गॅसचा रेग्युलेटर तपासतो तसं साबणाचं पाणी लावत सुटलो. कपलिंग, जुने होज, सगळीकडे बुडबुडे. सगळ्यात मोठा आवाज लेथ चालवणाऱ्या टर्नर मामांच्या जागेवर. पाइपला चक्क ड्रिलनं भोक पाडलेलं, 3 मिलिमीटरचं. खाली कुत्रं निवांत झोपलेलं.

शुक्रवारी मामांना विचारलं. ते म्हणाले, "मे महिन्यात पत्र्याखाली आठ तास उभं राहून बघा, साहेब."

आता हिशेब. 7 बार दाबाला एवढ्या भोकातून 3 ते 4 किलोवॉटची हवा जाते. घरचे पन्नासेक छताचे पंखे समजा. शिवाय हवा न देता नुसता फिरणारा स्क्रू पद्धतीचा कॉम्प्रेसरही पूर्ण भाराच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खातो. पुरवठादाराचा जीव इथं अडकला होता. यंत्र विकून मोकळा झाला असता तर त्यानं फोन केला असता का?

ही कल्पना जुनीच. 1962 साली इंग्लंडात ब्रिस्टल सिडली कंपनीनं वायपर हे विमानाचं इंजिन उड्डाणाच्या तासावर द्यायला सुरुवात केली. पुढे ती कंपनी रोल्स-रॉईसकडे गेली. तेव्हा तास मोजायचे, आता यंत्रातलं सिमकार्ड दाब, तापमान, भार सगळं कळवत राहतं. यंत्र नाही, हवा. इंजिन नाही, तास. विकणाऱ्याचं लक्ष उधळपट्टीवर जातं ते असं.

मामांना पंखा मिळाला. मुख्य व्हॉल्व्ह आता बुधवारी संध्याकाळी वॉचमन बंद करतो. कुत्र्यानं मात्र जागा बदलली, ते पंख्याखाली झोपतं.