गाडीतली कॉफी: भांडं घेण्याआधी धुण्याचं पाणी मोजा

नमस्कार मंडळी. गाडीतच मुक्काम, गाडीतच स्वयंपाक, असा लांबचा प्रवास ठरला की कॉफीचं काय करायचं हा प्रश्न येतोच. टेबलावर चार भांडी आहेत: फ्रेंच प्रेस (दांड्याने जाळी दाबून चोथा तळाला बसवणारा), मोका पॉट (खालचं पाणी वाफेच्या दाबाने कॉफीतून वर चढवणारा), एरोप्रेस (दट्ट्याने कॉफी कागदातून दाबून काढणारी नळी) आणि दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा फिल्टर (वरच्या भोकांच्या भांड्यातून कॉफी खालच्यात झिरपते तो). चवीला चारही चांगली. पण घरी नळ असतो, गाडीत 20 लिटरचा कॅन असतो. प्यायचं त्यातलंच आणि भांडी धुवायची तीही त्यातच. म्हणून चवीच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: पाणी कशावर तापणार, भांडं किती पाण्यात धुऊन निघणार आणि चोथा कुठे जाणार.

या हिशेबात फ्रेंच प्रेस पहिल्याच फेरीत बाद होतो. अर्ध्या लिटरला 30 ग्रॅम जाड दळलेली कॉफी, 4 मिनिटं, दांडा खाली, इथवर सगळं सोपं. पुढे चोथा तळाला बसतो, जाळीच्या चकत्यांमध्ये अडकतो आणि दोन-तीनदा पाणी फिरवल्याशिवाय निघत नाही. ते पाणी गाडीच्या सिंकमध्ये ओतलं की बारीक पाइप तुंबलाच समजा. काचेचा असेल तर घाटातल्या खड्ड्यांत फुटण्याची भीती वेगळीच.

आता पाणी तापवण्याचं. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी किटली मिळते. सॉकेटचा फ्यूज साधारण 10 ते 15 अँपिअरचा, म्हणजे 120 ते 180 वॉट. पाव लिटर पाणी 25 अंशांवरून 95 वर न्यायला सुमारे 73 किलोज्यूल लागतात. 150 वॉटवर कागदावर 8 मिनिटं येतात, पण उष्णता बाहेर जात असते, त्यामुळे 12 ते 15 मिनिटं धरून चाला. एका कपाला ठीक आहे, चौघांना नाही.

गॅसची छोटी शेगडी भराभर तापवते. मात्र ती बंद गाडीत किंवा बंद तंबूत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही. शेगडी नेहमी बाहेर, वाऱ्याला आडोसा करून. आणि प्रवासाचा एखादा टप्पा विमानाने किंवा रेल्वेने असेल तर गॅसचा डबा सोबत नेता येत नाही, तो पोचल्यावरच घ्यावा लागतो.

मोका पॉट या शेगडीवर चालतो, पण त्याचा तळ लहान. शेगडीच्या दांड्यांवर तो डगमगतो, म्हणून खाली स्टीलची जाळी ठेवा. खालच्या भांड्यात पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. कॉफी बारीक रव्याइतकी, वरून सपाट केलेली, दाबलेली नाही. ज्योत तळाच्या बाहेर गेली की हँडल वितळतं. बाजूने वाफ निघाली तर कडेला कॉफीचे कण राहिलेत किंवा रबरी रिंग वाळली आहे. गॅस बंद करा, भांडं गार होऊ द्या, मगच उघडा. ॲल्युमिनियमचा असेल तर कोरडा करून, भाग सुटे ठेवून द्या. कडक, दाट कॉफी आणि रोज गॅस हाताशी, अशांसाठी मोका.

एकट्याने फिरणाऱ्याला, काळी कॉफी पिणाऱ्याला एरोप्रेस. प्लास्टिकचा आहे, फुटत नाही. 15 ग्रॅम कॉफी, 200 मिलिलिटर पाणी, 10 सेकंद ढवळायचं, दट्ट्या जरासा आत घालून दीड मिनिट थांबायचं, मग अर्ध्या मिनिटात हळूहळू दाबायचं. हवेचा फुस्स आवाज आला की थांबा. खाली स्टीलचा मग हवा, पातळ काचेचा ग्लास दाबाने तडकतो. उलटा ठेवून करायची पद्धत गाडीत नकोच, कलंडला तर उकळतं पाणी मांडीवर.

(जवळून: झाकण काढून दट्ट्या ढकलताना)

हे बघा. चोथा वडीसारखा अख्खा कागदासकट बाहेर पडतो. रबर पुसलं, घोटभर पाणी फिरवलं, झालं. ठेवताना दट्ट्या पूर्ण आत ढकला किंवा बाहेर काढा. अर्ध्यात अडकवून ठेवला तर रबर दबून सैल होतं.

दुधाची कॉफी पिणाऱ्यांना मात्र आम्ही फिल्टरच सांगू. स्टीलचा आहे, कागद लागत नाही, आणि याला विस्तवही लागत नाही. ढाब्यावर जेवण झालं की थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून घ्या, मुक्कामाला पोचलात की तेच वापरा. सपाट चार मोठे चमचे, म्हणजे साधारण 20 ग्रॅम कॉफी वरच्या भांड्यात. चकती हलकेच टेकवायची. आधी दोन चमचे पाणी, अर्धा मिनिट थांबून उरलेलं, मिळून 120 मिलिलिटर. 15 ते 20 मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरतो. गाडी उभी असतानाच करा, आणि सपाट जागेवर, नाहीतर पाणी एकाच बाजूने झिरपतं आणि कॉफी फिकी होते.

थेंब पडायचे थांबले तर घाईने चकती दाबू नका. बऱ्याचदा वरचं भांडं खालच्यात घट्ट बसलेलं असतं आणि आतल्या हवेला वाट नसते. वरचं भांडं केसभर उचलून परत ठेवा, थेंब सुरू होतात. तरीही अडलं तर पूड फार बारीक आहे किंवा चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त आहे.

डिकॉक्शन वेगळं, दूध वेगळं ठेवा. थर्मासमध्ये दोन्ही एकत्र करून ठेवलं तर दूध नासतं. फ्रिज नसेल तर 200 मिलिलिटरचे टेट्रा पॅक, उघडले की लगेच संपवायचे. डिकॉक्शन त्याच दिवशी संपवा आणि पुन्हा उकळू नका, कडू होतं. गरम करायचं ते दूध.

उंचीवर एक फरक पडतो. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांना उकळतं, लेहला 88 च्या आसपास. तिथे कितीही उकळा, पाणी त्यापुढे तापत नाही. हलकी भाजलेली कॉफी मग आंबट आणि पाणचट लागते. पूड थोडी बारीक घ्या, एरोप्रेसमध्ये दीडऐवजी अडीच मिनिटं ठेवा, किंवा त्या टप्प्यासाठी गडद भाजलेली कॉफी न्या.

चोथा दरीत किंवा ओढ्यात टाकायचा नाही. वर्तमानपत्रावर पसरा, वाळला की पुडी करून कचऱ्याच्या पिशवीत.

(जवळून: फिल्टरचं वरचं भांडं खिडकीच्या उजेडात)

आणि फिल्टर विकत घेताना दुकानातच असा उजेडात धरा. सगळी भोकं सारख्या आकाराची आणि आरपार दिसली पाहिजेत. काही भोकं मोठी असतील तर गाळ कपात येतो, बुजलेली असतील तर अर्धा तास थांबूनही डिकॉक्शन उतरत नाही.