रक्त येतं तिथेच ब्रश फिरवा

मघाशी मी विचारलं, दात घासताना थुंकीत लालसर झाक कोणाकोणाला दिसते? आधी चार हात वर आले, मग शेजाऱ्याकडे बघून आणखी सात-आठ. रक्त दिसल्यावर काय केलंत, तर म्हणे तिथे ब्रश लावणं सोडून दिलं. हे उत्तर मी माझ्या दातांच्या दवाखान्यात रोज ऐकते, आणि घोळ होतो तो नेमका इथे.

दाताच्या मुळाशी नखाने हलकेच खरवडून बघा. नखात जो पांढुरका, चिकट थर येतो, तो प्लाक. अन्नाचे कण नव्हेत ते, जिवाणूंची दाट वस्ती आहे. तिच्याशी झुंजायला शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवतं. हिरडी सुजते, आतून नाजूक होते, मग ब्रशचा नुसता केस लागला तरी रक्त. वयात येताना संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा थरानेही चिडतात. अशात ब्रश टाळला की थर वाढतो आणि थराबरोबर रक्तही.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं साफ बंद करायला लावलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. (वर्गात त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांचं काय झालं असेल, राम जाणे!) घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पुन्हा ठीक झाल्या.

पण ही सवलत सूज हिरडीपुरती असेतोवरच. ती खाली हाडापर्यंत पोचली की झिजलेलं हाड आपसूक भरून येत नाही. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. तंबाखू ओढणाऱ्यांचं तर रक्तही कमी येतं आणि त्यांना वाटतं, आपलं छान चाललंय. काही थोड्या मुलांमध्ये थर फारसा नसतानाही पहिल्या दाढा आणि समोरच्या दातांभोवतीचं हाड झपाट्याने झिजतं. असा मुलगा आला की मी भावंडांनाही तपासायला बोलावते.

आता हा ब्रश बघा. मऊ केसांचा आहे. हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांत तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचा. करवत चालवल्यासारखं आडवं घासू नका. दोन दातांमधल्या फटीत केस पोचत नाहीत, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीत फिरवायचा बारीक धागाच लागतो. पहिले काही दिवस रक्त येईल, येऊ द्या. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही, तर तपासून घ्या.

प्लाक रंगवणाऱ्या या गोळ्या मागपर्यंत द्या. एकेक चावा, जीभ दातांवरून फिरवा, चूळ भरा आणि आरशात बघा. जिथे प्लाक, तिथे रंग चढेल. माझा अंदाज आधीच सांगते: हसताना दिसणारे दात चकाचक निघतील आणि खालच्या दातांची जिभेकडची बाजू लालभडक.