कडी आतून आहे

(पडदा काळा. नुसता आवाज. दारावर थाप. पुन्हा थाप. मग घरात कुठेतरी मोबाईल वाजू लागतो.)

दाराबाहेर दोघंजण. आत सावकारीण जमिनीवर पडलेली, आणि दाराला खांदा लावून, श्वास रोखून उभा असलेला मारेकरी. बाहेरचा एकजण तिला फोन लावतो. रिंग आतून ऐकू येते.

फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' १८६६ साली मासिकातून क्रमशः आली. तिच्यातल्या या प्रसंगात फोन अर्थातच नाही. आलेले लोक घंटा वाजवतात, दार ओढून बघतात. दार जरासं हलतं. म्हणजे कुलूप नाही, आतून कडी आहे. म्हणजे आत कुणीतरी आहे.

हीच गोष्ट आजच्या सदाशिव पेठेत आणून, पंधरा-सोळा नटांच्या आवाजात ऑडिओबुक म्हणून उभी करायची, तर पहिली अडचण मोबाईलची वाटते. पण मोबाईल मदतच करतो, हे आत्ताच ऐकलंत. खरी अडचण नाईट लॅचची. लॅचचं दार नुसतं ओढलं तरी बंद होतं, आत माणूस असो वा नसो. मग बाहेरच्यांना कळणार काय? म्हणून सावकारीण राहते जुन्या वाड्यात, लाकडी दार, कडी-कोयंडा. शिवाय लॅचचा आवाज म्हणजे एक फुसका 'टक'. कडी मात्र दार ढकललं की कोयंड्यात नाचते, आणि तिला धरून ठेवणारा हातही ऐकू येतो.

(वाड्याचा दरवाजा. कडीचं क्लोज-अप.)

हक्कांचं आधी बघून घेतलेलं बरं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. दोस्तोयेव्हस्की १८८१ मध्ये गेला, तेव्हा मूळ गोष्ट मोकळी आहे. फसगत होते ती अनुवादात, कारण अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. कपाटातला मराठी अनुवाद समोर ठेवून संवाद लिहिले, तर ते अंगाशी येऊ शकतं. कॉन्स्टन्स गार्नेटबाईंचा इंग्रजी अनुवाद १९१४ चा, बाई १९४६ मध्ये वारल्या, त्यामुळे आपल्याकडे तोही खुला.

त्या अनुवादात सुमारे २ लाख शब्द आहेत. एकट्या निवेदकाने वाचले तर वीस तासांच्या वर जातात. आठ तासांचं रूपांतर करायचं, तर हाती उरतात जेमतेम ५० ते ५५ हजार. पावसाला, जिन्याला आणि गप्प बसण्यालाही वेळ द्यावा लागतो ना!

मूळ नायक पैशाअभावी विद्यापीठ सुटलेला विद्यार्थी, माळ्यावरच्या कोंदट खोलीत राहणारा. पुण्यात त्याला शोधावं लागत नाही. कॉट बेसिसवरची जागा, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, स्पर्धा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट गेलेला, मेसचे दोन महिने थकलेले. सावकारीला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. बाईंकडे तो नाही. म्हणून व्यवहार रोखीत, नोंद फक्त वहीत. यूपीआयचा माग तिथेच संपतो, त्यासाठी वेगळी युक्ती लढवावी लागत नाही.

हत्याराचं मात्र जपून. मुळात कुऱ्हाड आहे. पुण्यात कोयता म्हटलं की ऐकणारा गोष्ट सोडून बातम्यांत शिरतो. बत्ता बरा. पहिल्याच भागात मेसच्या मावशी खलबत्त्यात आलं कुटतात. दोन-तीनदा तो ठणठणाट कानावर पडला की झालं. मग एका सकाळी नुसता खल सरकवल्याचा आवाज आणि मावशींचं "बत्ता कुठं गेला गं?" एवढं पुरतं. प्रत्यक्ष घावासाठी ओल्या टॉवेलखाली ठेवलेलं कलिंगड वापरतात. आवाज भयंकर खरा येतो, आणि म्हणूनच तो मिक्समध्ये जवळजवळ बुडवून टाकलेला बरा.

(फोलीचं, म्हणजे वस्तू वाजवून गोष्टीतले आवाज काढायचं टेबल. खोका, चिकटपट्टी, माइक.)

आता हे पार्सल बघा. कादंबरीत नायक खोटं गहाण नेतो. लाकडाचा तुकडा, त्यावर लोखंडी पट्टी, वर सुतळीची अशी घट्ट गाठ की ती सोडवायला म्हातारी उजेडाकडे वळेल. कागदावर हे अप्रतिम आहे. माइकसमोर गाठ सुटते ती गुपचूप. ऐकणाऱ्याला वाटतं, फाइल अडकली. म्हणून खोका, आणि त्यावर तीन वेढे खाकी चिकटपट्टीचे. आधी नखाने टोक शोधणं, बारीक खरखर. मग टोक सापडतं आणि चर्रर्र. पट्टी ओढणाऱ्याच्या हातापासून माइक सहा इंचांवर हवा, त्याहून जवळ आला तर आवाज फाटतो. पहिला वेढा सावकाश, दुसरा वैतागून. तिसरा अर्ध्यावर थांबतो.

घरापासून सावकारिणीच्या दारापर्यंत ७३० पावलं, असा आकडा कादंबरीत आहे. मिनिटाला १०५ पावलं धरली तर सात मिनिटं झाली. सात मिनिटं चपला कोण ऐकेल? तीन तुकडे करायचे: पेव्हर ब्लॉक, डांबर, वाड्याचा लाकडी जिना. मोजणं त्याच्या मनात चालू ठेवायचं आणि मधले आकडे गाळायचे.

मूळ गोष्ट जुलैच्या उकाड्यात घडते. पुण्याचा जुलै पावसाचा, आणि तोच सोयीचा. रेनकोटखाली बत्ता लपतो, छत्र्यांखाली सीसीटीव्हीला चेहरे मिळत नाहीत. वीज घालवून कॅमेरे बंद पाडण्याचा आळशीपणा करावा लागत नाही. मात्र पाऊस ध्वनीचा वैरी. त्याचा सलग सळसळाट 'स', 'श', 'फ' गिळून टाकतो, आणि फाइल लहान करायला कमी बिटरेटवर दाबली की त्याची गुळण्या केल्यासारखी बुडबुड होते. त्यामुळे दार उघडेल तेवढाच पाऊस. दार लागलं की फक्त पन्हाळीची धार.

(स्टुडिओ. काचेपलीकडे दोन नट समोरासमोर.)

आवाजांची निवड करताना प्रत्येकजण चांगला वाटतो. गोंधळ होतो जोडीत. नायक आणि त्याचा मित्र, दोघं पंचविशीतले, दोघांची पट्टी एकच, म्हणजे ऐकणारा पाचव्या वाक्याला हरवला. एक मराठवाड्याचा, दुसरा कोल्हापूरकडचा केला की वाक्याचा हेलच ओळख देतो. पण बोली ज्या नटाच्या तोंडात मुरलेली आहे त्यालाच द्यावी. पेठेतल्या मुलाने ओढूनताणून 'पानी' म्हटलं की पहिल्यांदा हसतो तो लातूरचा श्रोता.

संध्याकाळी नटांच्या नाटकाच्या तालमी असतात, म्हणून बहुतेकांचं रेकॉर्डिंग सकाळी आणि एकेकट्याने होतं. गणपतीच्या आधीचे दोन महिने तर संध्याकाळ धरूच नये. ढोलपथकांचा सराव सुरू झाला की तो ठोका भिंतीतून येतो, आणि भिंतीवरचा फोम त्याला अडवत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा ढोल थांबवायला वजनदार भिंतच लागते. एसी बंद, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडायचं. रिकाम्या पोटाची गुरगुर माइकला हमखास सापडते, तेव्हा केळं जवळ असू द्यावं.

तपास अधिकारी आणि नायक यांच्या तीन भेटी मात्र एकत्रच करायच्या. मुळात अधिकाऱ्याने त्याचा छापून आलेला लेख वाचलेला असतो. इथे त्याच्याकडे टेलिग्राम ग्रुपवरच्या, नंतर डिलीट केलेल्या लांबलचक पोस्टचा स्क्रीनशॉट आहे. वेगवेगळं रेकॉर्ड केलं तर दोघं शहाण्यासारखे थांबून बोलतात आणि उंदीर-मांजराचा खेळ मरतो. तोंडापासून माइक जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवायचं. तरी एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतोच, आणि एकमेकांवर चढलेली वाक्यं नंतर सुटी करता येत नाहीत. अशा वेळी संपूर्ण टेक पुन्हा.

नायकाच्या मनातलं बोलणं वेगळ्या बैठकीत, माइक चार बोटांवर, आवाज जवळजवळ कुजबुजीचा, खोलीचा मागमूस नाही. दोस्तोयेव्हस्कीने ही गोष्ट आधी प्रथमपुरुषात लिहायला घेतली होती आणि ते सोडून दिलं. कानाला ते सोडलेलं रूपच जास्त मानवतं.

शेवट जसाच्या तसा चालत नाही. कादंबरीत तो पोलीस कचेरीत जाऊन कबूल करतो. आपल्याकडे पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही: पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. पुराव्यात धरली जाईल अशी कबुली न्यायदंडाधिकाऱ्यापुढे द्यावी लागते. एक वाट मात्र उघडी आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग ग्राह्य. आणि मूळ नायकाने चोरलेला ऐवज एका आवारात मोठ्या दगडाखाली पुरलेला असतोच.

चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर बोटांचे ठसे राहतात. त्यामुळे तो खोका त्याला सोबत नेणं भाग होतं.

(रात्र. आवार. पहार, दगड.)

दोन पंच, एक हवालदार. पहार दगडाखाली जाते. खोका पावसात भिजून लगदा झालेला, म्हणून फोलीला पुठ्ठा रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. ओल्या पुठ्ठ्यावरून पट्टी पहिल्यासारखी वाजत नाही, जड, तुटक निघते. अर्ध्यावर थांबलेला तिसरा वेढा हवालदार ओढतो.